बारावा दोष

बसा मंडळी, बसा! दाटीवाटीनं बसा, देवळाचा मंडप आहे, कुणाच्या बापाचा नाही. पुढं जागा आहे. मागच्या खांबाला टेकलेल्यांनी जरा सावरून बसा — खांब आधार देईल, पण तुमच्या वतीनं आख्यान ऐकणार नाही!

नाथबाबाच्या पायाशी उभा आहे, तर आधी एक प्रश्न तुमच्या ओटीत टाकतो. प्रश्न अगदी साधा — दोष सापडला, तर त्याचं काय करायचं?

बघा, लगेच माना हलल्या. हे मास्तर म्हणतायत, 'बुवा, सांगून टाकायचा, खरं ते खरं.' बरोबर. आणि ती कडेची आजी पुटपुटतेय, 'नको रे बाबा, झाकावा.' आजी, तुमचंही बरोबर! मग आता? सांगायचा, की झाकायचा? देवानं दोन हात दिलेत, एक दाखवायला आणि एक झाकायला. कुठला हात कधी वापरायचा, हे कोण सांगणार?

मी नाही सांगणार. माझी काय लायकी! ते सांगितलं एका गाडीनं. सेकंडहँड गाडीनं! हसू नका. ऐका, मंडळी, ऐका. पेटीवाले, सूर खाली घ्या जरा.

विट्याच्या पलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्याला कारण आहे, ते शेवटी कळेल. त्या गावात दूध संकलन केंद्र, आणि ते केंद्र चालवणारा सर्जेराव जगदाळे. माणूस कसा? कष्टाळू. तंबाखूसुद्धा नाही. हिशोबाला चोख, वेळेला पक्का. सगळं चांगलं — पण राग असा, की नाकावर कायमचा मुक्कामाला!

आणि त्याचं काम काय? दोष शोधायचा. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येणार, हा दूध यंत्राला लावणार, पाणी घातलेलं असलं की यंत्र सांगणार. मग सर्जेराव काय करायचा? केंद्राच्या भिंतीला एक काळा फळा होता. त्यावर खडूनं, ठसठशीत अक्षरात लिहायचा — 'आज पाणी:' आणि पुढं नाव. बापाच्या नावासकट! शाळेला जाणारी पोरं ती नावं मोठ्यानं वाचत जायची. ज्याचं नाव लागलं, तो आठ दिवस मागच्या गल्लीनं फिरायचा. सर्जेराव म्हणायचा, 'मी काय खोटं लिहितो?' खोटं नव्हतंच. तेच तर अवघड होतं.

त्याची आई हौसाक्का. सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उभा जन्म गोठ्यात गेला. किती बैल, किती म्हशी तिच्या हाताखालून गेल्या असतील, गणती नाही. आता गोठ्यात एकच गाय उरली होती, आणि आक्काच्या डोक्यात अधूनमधून धुकं यायला लागलं होतं. म्हणजे काय? दूध चुलीवर ठेवायचं आणि उतू जाईपर्यंत विसरायचं. मोटार चालू करायची आणि टाकी वाहून अंगणाचं तळं व्हायचं. एकदा घराला कुलूप लावलं, आणि किल्ली पिठाच्या डब्यात सापडली, तीही चार दिवसांनी, पीठ चाळताना!

त्या दिवशी सर्जेराव म्हणाला, "आक्का, आता बास. आणखी एक घोळ झाला, तर तुला पुण्याला शालनकडं पोचवतो."

शालन तिची लेक. जीव लावणारी, वाईट काही नाही. पण सातव्या मजल्यावर राहते. आक्का एकदा तिथं महिनाभर राहून आली होती. गॅलरीतून खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी. हात कुठं लावायचा? शेण नाही, वैरण नाही, हंबरणारं कुणी नाही. परत आल्यावर ती आधी गोठ्यात गेली आणि गायीच्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून 'पुणे' म्हटलं की म्हातारीच्या हाताला कापरं सुटायचं. लक्षात ठेवा, मंडळी. सगळं आख्यान ह्या कापऱ्यावर उभं आहे.

आता गाडीकडं येतो.

सर्जेरावाला गाडी घ्यायची होती. नवी परवडेना, म्हणून मोबाईलवर जुन्या गाड्यांचा जो बाजार भरतो, त्यात तो रोज डोकं घालायचा. तुम्ही बघितला असेल तो बाजार. काय एकेक वर्णनं! 'एकदम कडक कंडिशन.' 'डॉक्टरसाहेबांची गाडी.' 'फक्त देवदर्शनाला वापरलेली.' अरे, महाराष्ट्रातल्या सगळ्या जुन्या गाड्या जर देवदर्शनालाच गेल्या असत्या, तर आम्हा कीर्तनकारांना रस्त्यात कधी पायी चालावं लागलं असतं का?

त्या गर्दीत सर्जेरावाच्या बायकोला, मंदाला, एक जाहिरात दिसली. विकणारा मालवणाकडचा, पुरुषोत्तम तांडेल. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. आता खाडीपलीकडच्या आपल्या मूळ घरी राहायला चाललाय, तिथं रस्ताच नाही, होडीनं जावं लागतं, म्हणून गाडी विकायची. आणि खाली गाडीचं वर्णन. मंदा वाचायला लागली आणि वाचता वाचता थांबली.

"अहो, ह्यानं गाडीचं एकसुद्धा कौतुक केलं नाही. नुसते दोष लिहिलेत. अकरा!"

ऐका बरं का ते दोष. एक — मागचं डावं दार दोनदा ओढावं लागतं. दोन — हॉर्नचा आवाज बसलाय, सर्दी झाल्यागत वाजतो. चार — पावसाळ्यात आत सुक्या मासळीचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सात — पेट्रोलच्या झाकणाचं कुलूप गेलंय, बोटानं दाबलं की उघडतं. अकरा — रेडिओवर एकच स्टेशन लागतं, तेही त्याच्या मनात असेल तर. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'ह्याहून जास्त काही असेल तर मला माहीत नाही. निघालं तर कळवा.'

मंडळी, लग्नाच्या बाजारात असं पत्रक कुणी काढेल का? 'मुलगा घोरतो, रागीट आहे, आईचं ऐकतो, बाकी काही निघालं तर कळवा!' कोण पोरगी देईल? पण सर्जेराव म्हणाला, "हा माणूस एक तर येडा आहे, नाहीतर खरा आहे." आणि न बघितलेल्या माणसाची न बघितलेली गाडी त्यानं घेऊन टाकली.

शुक्रवारी गाडी दारात आली. मोबाईलवाल्या बाजाराचा माणूस सर्जेरावाचं बोट काचेवर फिरवून सही घेऊन गेला. पूजा झाली. हार, नारळ, चाकाखाली लिंबं. तो अकरा दोषांचा कागद, तांडेलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला, पुढच्या कप्प्यात ठेवलेला होता. आणि आक्का? आक्का कळशी घेऊन आली आणि एकेक करत चारी चाकं धुतली. तिच्या लेखी ते पाय! नवं जनावर दारात आलं, तर त्याचे पाय धुवायचे नाहीत का? मग उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"आरं सर्जा, हिला तोंड कुटं हाय?"

सगळे हसले. सर्जेरावसुद्धा हसला, आणि झाकणाकडं बोट करून म्हणाला, "हे बघ आक्का, हे तोंड. पेट्रोल पिती ती हितनं."

झालं! चेष्टेत बोलला बिचारा. पण आक्कानं ते काळजात ठेवलं.

का? तुमच्यातल्या गोठेवाल्यांना ठाऊक आहे. नवं जनावर दावणीला आलं की पहिला घास घरच्या बाईच्या हातचा द्यायचा. भाकरी-गूळ. नाहीतर ते जनावर इथं रमत नाही, मान वळवून जुन्या मालकाच्या वाटेकडं बघत राहतं. आक्कानं कुठल्याच बैलाला तो घास चुकवला नव्हता. मग हिला कसा चुकवेल? हिला भाकरी खाणारं तोंड नाही. पिणारं तोंड आहे, हे पोरानंच सांगितलंय. मग काय द्यायचं? गूळपाणी!

रविवार नाथबाबाचा वार. त्या दिवशी आक्काला गाडीत बसवून नाथाला न्यायचं ठरलं होतं. सकाळी सर्जेराव केंद्रावर, मंदा अंघोळीला. आक्कानं तांब्याभर गूळपाणी केलं. वेलची घातली वर! पाहुणीला नुसतं कसं द्यायचं? झाकण बोटानं दाबलं, उघडलं. आतली टोपी फिरवून काढली. आणि तांब्या ओतला. सगळा. थोडं बाहेर ओघळलं, ते पदरानं पुसलं. गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "आता तू आमची झालीस बग."

हसताय? हसा. पण सांगा, ह्यात दोष कुठं आहे? माया आहे नुसती! आणि त्याच मायेनं पुढं काय केलं बघा.

नऊ वाजता गाडी निघाली. आक्का पुढं बसली, नऊवारी नेसून, मांडीवर नारळ. गाडी गल्लीतून निघाली, वळली, आणि बरोबर दूध केंद्रासमोर, बरोबर त्या फळ्यासमोर, खोकली. एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि बसली.

समोर किटल्या घेऊन अर्धा गाव उभा. ज्यांची ज्यांची नावं त्या फळ्यावर लागून गेली होती, त्यांना तर नाथबाबाच पावला! एकजण म्हणाला, "सर्जेराव, फॅट किती लागलं?" दुसरा म्हणाला, "बघा, पाणी-बिणी असंल."

पाणीच होतं, मंडळी! त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो किती खरं बोलतोय!

गाडी ढकलत घरी आणली. सर्जेरावाचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा. आणि आक्का? आक्का ओसरीवर बसली, नारळ मांडीवरच. जनावरं राखलेली बाई ती. बैल आजारी पडला की आधी काय विचारायचं? खाल्लं काय त्यानं! तिनं मनात हिशोब लावला. दोन दिवस पळत होती. आज बसली. आज हिनं काय प्यालं? तिला सगळं कळलं. आणि हाताला ते कापरं सुटलं. सातवा मजला दिसायला लागला.

ती बोलली का? नाही बोलली. मी तिला नावं ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. भ्यालेल्या माणसाला तोंड नसतं.

सर्जेरावानं तांडेलांना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. "अकरा दोष लिहून भोळेपणाचा आव आणला, आणि खरा दोष पोटात ठेवला. फसवलंत तुम्ही आम्हाला."

पलीकडनं शांत आवाज आला. "गाडी बंद पडताना काय करत होती, ते सांगाल?"

"खोकली आणि बसली."

"असं. माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल. मी येतो."

"येतो म्हणजे?"

"तुमच्याकडं येतो. लिहिलं होतं ना, निघालं तर कळवा म्हणून. तुम्ही कळवलंत."

अहो, गाडी विकल्यावर फोन उचलणारा माणूस दाखवा मला! इथं तर हा घाट चढून यायला निघाला. पण सर्जेरावाचं समाधान झालं का? नाही. त्यानं त्या मोबाईलच्या बाजारात तक्रार ठोकली: 'विक्रेत्याने दोष लपवला.' लगेच तांडेलांच्या नावापुढं लाल खूण लागली. साऱ्या जगाला दिसेल अशी. गावच्या भिंतीवरचा फळा होता, तो आता आकाशात टांगला!

मंगळवारी दुपारी तांडेल आले. दोन एसटी बदलून. बारीक, उंच, खांद्यावर टॉवेल, हातात हत्यारांची जड पिशवी. दुसऱ्या हातात घरच्या कोकमांची पुडी, पहिल्यांदा ह्या घरी येतोय म्हणून! सर्जेराव 'या'सुद्धा म्हणाला नाही. पण आक्काच्या हातानं आपलं काम केलं. दारात आलेल्याला काय द्यायचं? गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. तिनं तेच पुढं केलं. गुळावर वेलचीची पूड होती, आक्काची सवयच ती. तांडेलांनी खडा तोंडात टाकला, पाणी प्याले, म्हणाले, "आई, गूळ फार चांगला आहे हो."

आक्काला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

मग ते गाडीकडं गेले. एक चक्कर मारली, जुन्या ओळखीच्या माणसाला भेटावं तशी दारावर हात फिरवत. आणि पेट्रोलच्या झाकणापाशी थांबले.

मंडळी, आता श्वास धरा. तिथं काय होतं? मुंग्या! काळ्या मुंग्यांची रांग. चाकाच्या कडेनं वर चढलेली, झाकणाच्या फटीपर्यंत गेलेली. गोडावर आलेली. पेट्रोलला मुंग्या लागतात का कधी?

तांडेल खाली वाकले. बोटानं कड पुसली, वास घेतला. वेलची! आत्ताच तोंडात होती ती. उभी हयात होडीच्या इंजिनातलं पाणी काढण्यात गेलेला माणूस, त्याला सगळं उमगायला किती वेळ लागणार? त्यांनी मान वळवून ओसरीकडं बघितलं. आक्का खांबाला धरून उभी होती. दोघांची नजरानजर झाली. एकदाच.

आक्कानं डोळे मिटून घेतले. आता हा माणूस बोलणार. का बोलू नये त्यानं? घाट चढून आलाय, शिव्या खाल्ल्यात, नावापुढं लाल खूण लागलीय. एका शब्दात मोकळा होईल. तिनं मनात बोचकं बांधायला घेतलं. दोन लुगडी, जपमाळ, गायीच्या गळ्यातली जुनी घंटा.

पण शब्द आलाच नाही. तिनं डोळे उघडले. आणि काय बघितलं?

त्या माणसानं खांद्यावरचा टॉवेल काढला होता आणि अलगद, एकही मुंगी चिरडणार नाही अशा बेतानं, तो ती रांग पुसत होता! झाकण पुसलं, कड पुसली, चाकाची वाट पुसली. आणि सर्जेराव जवळ यायच्या आत टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "दादा, एक बादली आणि काचेची रिकामी बरणी मिळेल का?"

मंडळी, मी ही वीणा गळ्यात घालून देवाचं वर्णन करतो. त्याचे हात चार सांगतो, आठ सांगतो. पण त्या हातात टॉवेल असतो, आणि तो कुणाच्या तरी चुकीच्या मुंग्या पुसत असतो, हे मला ही गोष्ट ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं. अंगावर काटा येतो माझ्या. हा बघा, आत्ताही आलाय.

टाकी रिकामी केली. बरणीत थोडं धरलं. वर पेट्रोल, तळाशी तांबूस पाणी, दोन्ही वेगळं. सर्जेरावाला आणखी काय पाहिजे! आयुष्यभर पाणीच पकडलेला माणूस.

"पाणी! पेट्रोलमध्ये पाणी घालून गाडी विकलीत? माझ्या केंद्रावर असतात, तर फळ्यावर नाव लिहिलं असतं तुमचं."

तांडेल म्हणाले, "झाकणाचं कुलूप माझ्या हातात असताना गेलं. ते बसवून मगच गाडी द्यायला हवी होती. पाणी त्याच वाटेनं आत गेलंय. दोष माझा."

"आणि हा रंग कसला?"

"आमच्या खाडीच्या पाण्यालासुद्धा पावसाळ्यात असाच रंग येतो बघा."

ह्यात खोटं कुठं आहे, सांगा! शब्द न् शब्द तपासून घ्या. वकील लावा. कुलूप गेलेलं होतं, खरं. त्याच वाटेनं गेलं, खरं. खाडीचं पाणी तांबूस, तेही खरं! खऱ्याचाच टॉवेल करून त्यानं खरं झाकलं.

सर्जेराव म्हणाला, "मग लिहून द्या. तुमच्या त्या कागदावर. बारावा दोष तुमच्या हातानं लिहा, खाली सही करा. मी ते सगळ्यांना दाखवणार."

तांडेलांनी वाद घातला नाही. पुढच्या कप्प्यातून कागद काढला, बॉनेटवर ठेवला, खिशातलं पेन काढलं. अकराच्या खाली आकडा घातला. बारा.

आणि ओसरीवर आक्का. आता तिच्या जागी उभे राहा, मंडळी. गप्प बसली, तर कुणाला कळणार होतं? मुंग्या गेल्या. ज्याला माहीत आहे, तोच सही करतोय. गाय राहील, गोठा राहील, पुणं टळेल. नुसतं गप्प बसायचं! आणि समोर तो माणूस. माझा कोण हा? ना जातीचा, ना गावचा. माझ्या दारात गुळाचा एक खडा खाल्ला, एवढंच नातं. तेवढ्यावर हा माझी चूक आपल्या अंगावर घेतोय. तिच्या छातीत काय भरून आलं, ते मला सांगता येत नाही. ती कुणापुढं उभी आहे, हेच तिला कळेना. हात आपोआप जोडले गेले.

आणि ती पायऱ्या उतरली. गुडघे धरून, एकेक पायरी. तांडेलांच्या पेनावर हात ठेवला. कापरा हात, पण घट्ट.

"नका लिव्हू. गूळपाणी म्या घातलंय."

सर्जेराव बघतच राहिला. "आक्का?"

"व्हय. रविवारी. तोंड हितं हाय म्हणलास न्हवं तू? नवं जनावर दारात आलं, पहिला घास नको व्हय त्येला? चुकलं माजं. मला पुण्याला धाडायचं तर धाड, आजच धाड. पण माज्या चुकीखाली ह्या मानसाचं नाव नको."

गोठ्यात गाय हंबरली.

सर्जेराव तांडेलांकडं वळला. आवाज आता वरचा नव्हता. "तुम्हाला कळलं होतं?"

"मुंग्या होत्या झाकणाला."

"मग बोलला का नाहीत?"

तांडेलांनी पेनाला टोपण लावलं. "दादा, टाकी मला धुऊन देता येते. तासा-दोन तासांचं काम आहे. पण तुम्ही आईला जे बोलला असता, ते मला धुता आलं नसतं."

विठ्ठल, विठ्ठल! मंडळी, एवढ्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं.

सर्जेराव खाली बसला. तिथंच, गाडीच्या चाकापाशी, मातीत. मग उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "काय धरू, सांगा." दोघांनी मिळून टाकी धुतली, नळ्या साफ केल्या. दिवस कलायला गाडी सुरू झाली. हॉर्न वाजवून बघितला. सर्दी होतीच!

आता उरली ती लाल खूण. सर्जेरावानं मोबाईलवाल्या बाजाराला फोन लावला. पलीकडं यंत्रातली बाई. "तक्रार मागे घेण्याचे कारण सांगा."

सर्जेराव हळू म्हणाला, "दोष आमचा होता."

"माफ करा, समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"दोष आमचा होता."

"माफ करा, समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

अहो, कसं समजणार तिला? तिच्याकडं रोज लाखभर लोक तक्रारी सांगतात. 'दोष आमचा' हे वाक्य तिनं जन्मात कधी ऐकलंच नव्हतं! शेवटी सर्जेराव अंगणाच्या मध्ये उभा राहिला आणि गल्लीला, गावाला, फळ्यासमोरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला — "दोष आमचा होता!"

"धन्यवाद. आपली तक्रार मागे घेतली आहे."

आक्का दारात उभी होती. पदरानं डोळे पुसत हसत होती. पुण्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तांडेलांना गाडीतूनच विट्याच्या स्टँडवर सोडलं, आणि येताना आक्काला नाथाला नेलं. जाताना मंदानं पुढचा कप्पा उघडला, तर त्या कागदावर बाराव्या आकड्यापुढं सर्जेरावानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'नव्या मालकाला राग लवकर येतो. सांभाळून घ्यावे.'

आणि त्याच्या पुढच्या सकाळी काय झालं, ते ऐका. लोक किटल्या घेऊन केंद्रावर आले आणि उभेच राहिले. फळा कोरा! ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेला. ज्याच्या दुधात पाणी निघालं, त्याला सर्जेरावानं आत बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला, "उद्यापासनं नको घालू. काय अडचण असली तर मला सांग."

आता कळलं, दोषाचं काय करायचं? हात दोन आहेत. आपला दोष दाखवायचा, तो दाखवायचा हात. दुसऱ्याचा झाकायचा, तो झाकायचा हात. आपण सगळे हात उलटे वापरतो, एवढंच! सून चुकली की गल्लीला कळतं, शेजारी घसरला की मोबाईल बाहेर येतो. आणि आपलं? ते पोटात, दाबून, अकराच्या अकरा! आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. 'माझ्यात हे दोष आहेत, जास्त निघाले तर कळवा' असं लिहून घरच्यांच्या हातात द्या. काही होत नाही, मरत नाही कुणी. आणि उद्या कुणाच्या झाकणाला मुंग्या दिसल्या, तर आधी खांद्यावरचा टॉवेल आठवा.

गावाचं नाव का नाही सांगितलं, विचाराल तर सांगतो. ते माझं गाव आहे. आणि त्या सकाळी ज्याला आत बोलावून दार लोटलं, तो मी! ह्या वीणेच्या आधी माझ्या हातात किटली होती, मंडळी. त्या फळ्यावर माझं नाव चार वेळा लागलं होतं, बापाच्या नावासकट, आणि चारही वेळा मी लाजलो आणि पाचव्यांदा पाणी घातलंच. फळ्यानं मी थांबलो नाही. दार लोटलं त्या दिवशी थांबलो. आजचा हा बारावा दोष माझा, तुमच्यासमोर सांगितला. आता तुमची पाळी.

टाळ उचला, आणि झाकणाऱ्याचं नाव घ्या. बोला, नाथबाबाच्या नावानं चांगभलं!